परक्या पेपराचं शेवटचं पान

मे महिना निम्मा सरला की इथं ओमानात, आमच्या माबेल्यात, सगळं उलटं होतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की गार पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. मग घरातला गीझर बंद ठेवायचा, त्यात पाणी निवतं, आणि गार पाणी हवं असेल तर गरम पाण्याचा नळ सोडायचा. नव्यानं आलेल्यांना हे समजावून सांगावं लागतं. गाडीच्या दाराला हात लावायचा तर आधी ओढणीचं टोक बोटांना गुंडाळायचं. रस्त्याकडेच्या खजुरांच्या घडांना जाळीच्या पिशव्या बांधलेल्या दिसतात, आणि त्या हिरव्या घडांत पिवळेपणा शिरू लागला की मला एक जुना उन्हाळा आठवतो.

यंदा तर घरात दहावी आहे. आर्याची परीक्षा झाली, निकाल कधीही लागेल म्हणतात. सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन ती मोबाईलच्या पडद्यावर बोट खाली ओढते. छोटं गोल फिरतं, थांबतं. ती पुन्हा ओढते.

"आई, मला भीती होते," ती म्हणते.

"वाटते म्हणावं. भीती वाटते."

"वाटते पण आणि होते पण."

ते फिरणारं गोल मीही एका उन्हाळ्यात असंच बघत बसले होते. आर्या तेव्हा दुसरीत होती. वाट निकालाची नव्हती, एका पेपराची होती. आणि तोही मला वाचता न येणाऱ्या भाषेतला.

शहरातल्या कुरुम भागात एका दुमजली इमारतीत आमचं ऑफिस होतं. जुने नकाशे, कागदपत्रं, वर्तमानपत्रं स्कॅन करून संगणकात शोधता येतील अशी लावून द्यायची, हे काम. औरंगाबादला मिळवलेली ग्रंथालयशास्त्राची पदवी लग्नानंतर कितीतरी वर्षं कपाटात पडून होती. ती इथं कामाला आली. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. त्यामुळे नोकरी लागली तेव्हा आनंदाआधी धाकच वाटला. आपल्याला काही येत नाही हे एक दिवस यांच्या लक्षात येईल, असं रोज ऑफिसचा जिना चढताना वाटायचं.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे जे काम आलं ते भूमध्य समुद्राकाठच्या एका देशातल्या फ्रेंच दैनिकाचं. हे दैनिक सरकारच्या मालकीचं. त्याचा वर्धापनदिन जवळ आला होता, आणि पहिल्या अंकापासूनची सगळी पानं व सोबत पेपराचा एक छोटा इतिहास असं तयार करून द्यायचं होतं. तिकडून पानांच्या प्रतिमा यायच्या, यंत्र अक्षरं ओळखायचं, आणि यंत्राच्या चुका आम्ही दुरुस्त करायच्या. आम्ही म्हणजे मी आणि परब भाऊजी. परब कुडाळचे, माझ्या नवऱ्याचे मित्र. माबेल्याहून त्यांच्याच गाडीतून मी जायची.

"वैनी, न कळणारी भाषा तपासूक बरी," ते म्हणायचे. "डोक्याक ताप नाय."

मला मात्र ताप होता. फ्रेंच अक्षरांच्या डोक्यावर बारीक चिन्हं असतात, कधी उजवीकडे कललेली, कधी डावीकडे, कधी छोट्या छपरासारखी. यंत्र ती खाऊन टाकायचं. जिंतूरच्या शाळेत पाचवीत पहिल्यांदा इंग्रजी अक्षरं पाहिली तेव्हा मी बाईंना विचारलं होतं, "यांच्या मात्रा कुठं गेल्या?" सगळा वर्ग हसला होता. इथं इतक्या वर्षांनी मला मात्रावाली इंग्रजी अक्षरं भेटली. मात्रा गळालेला शब्द मला अर्थ न कळताही खटकायचा, आणि मी तो मूळ पानाशी ताडून नीट करायची. बाईंना कळवावंसं वाटायचं, पण त्या कुठं असतात ते ठाऊक नव्हतं.

आम्हांला समजावून सांगायला सी लमीन होते. 'सी' हे तिकडं नावाआधी लावायचं आदराचं अक्षर, आपल्याकडे नावापुढे राव लावतात तसं. परबांनी पहिल्याच दिवशी त्यांना "ए, बी, सी लमीन" करून टाकलं, अर्थात त्यांच्या माघारी. सी लमीननी सगळी हयात त्या दैनिकात काढली होती. बातम्या लावायच्या, मथळे बसवायचे, पान छपाईला सोडायचं, हे त्यांचं काम. बायको गेल्यावर मुलीनं त्यांना इकडे आणलं. मुलगी अझैब्याला राहायची, एका दवाखान्यात डॉक्टर होती. ती सकाळी जाता जाता त्यांना आमच्या दाराशी सोडायची, आणि हे गृहस्थ त्या भट्टीत टाय लावून उतरायचे.

आल्यावर पहिलं काम एकच. खुर्चीत बसायचं, संगणकावर आपल्या पेपराचं पान उघडायचं आणि आजचा अंक आला का ते बघायचं. तिकडची सकाळ आपल्यामागून येते, त्यामुळे अंक आमच्या दहाच्या चहाच्या सुमाराला दिसायचा. तोवर ते गोल फिरत राहायचं. मी आणि परब येता-जाता एकमेकांना विचारायचो, "आला का?" आणि थोड्याच दिवसांत सी लमीनही मराठीत विचारू लागले. त्यांच्या तोंडी ते 'आलाऽका' असं एकच शब्द होऊन यायचं.

विचारण्याला कारण होतं. तो पेपर बंद करायचं तिकडं घाटत होतं. सरकारचा अरबी पेपर आहे, खासगी पेपर डझनांनी आहेत, आता सरकारनं फ्रेंचमधून छापायचं कोणासाठी, असं मंत्रीच बोलत होते. आज बंद, उद्या बंद. पेपर बंद म्हणजे आमचं कामही बंद, हे अर्बाबनं, म्हणजे आमच्या ओमानी मालकांनी, हसत हसत पण स्पष्ट सांगितलं होतं. त्यामुळे दहा वाजता अंक दिसला की तिघांचाही जीव भांड्यात पडायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टांगणीला लागायचा.

दिवसभर जुनी पानं डोळ्यांखालून जायची. वाचता येत नव्हती, पण पाहता येत होती, आणि सी लमीन शेजारून बोलत राहायचे. पहिले अंक राज्य बदललं तेव्हाचे. परदेशी मालक छापखाना सोडून गेला होता. नव्या सरकारनं तीच यंत्रं, छपाईच्या अक्षरांचे तेच खिळे आणि तेच कामगार घेऊन नव्या नावानं पेपर काढला. गोऱ्यांची भाषा गोऱ्यांच्या मागे जाईल असं तेव्हा सगळे म्हणायचे. ती राहिली. मग पानामागून पान धरणं, कापणी, रेल्वेचं उद्घाटन, आणि प्रत्येक ठिकाणी फीत कापणारे तेच अध्यक्ष. वर्षं सरत तशी अध्यक्षांचे केस पांढरे होत गेलेले दिसायचे, मग एके दिवशी एकदम काळे.

"कलप," परब म्हणाले.

"सरकारी कलप," सी लमीन म्हणाले. "आम्हीच करायचो, छापखान्यात."

त्यांनी कधी त्या पेपराची नसती थोरवी सांगितली नाही. पहिलं पान मंत्रालयाचं, असं ते सरळ म्हणायचे. फोनवरून मथळा यायचा, तो उतरवून घ्यायचा. "पण मदाम, शेवटचं पान लोकांचं. तिथं मंत्रालय कधी आलं नाही." शेवटच्या पानावर हवामान, समुद्राची भरती-ओहोटी, रात्रभर उघडं राहणारं औषधांचं दुकान, आणि निधनवार्ता. मी शिकलेला पहिला फ्रेंच शब्द त्याच सदराचा. 'देसे', म्हणजे निधन. त्यात दोन मात्रा असतात, एक इकडे झुकलेली, एक तिकडे. यंत्र दोन्ही गाळायचं, आणि मी रोज त्या पुन्हा बसवायची.

सी लमीनच्या आईला फ्रेंच वाचता येत नव्हतं, आणि अरबीही. ते सुट्टीला घरी गेले की ती म्हणायची, कोण कोण गेलं ते सांग. ते फ्रेंचमधून बघून तिला तिच्या बोलीत सांगायचे.

हे ऐकलं आणि मी मान खाली घालून उगाच माऊस हलवत राहिले. माझे अण्णा बाजार समितीत हमाल होते. संध्याकाळी आंघोळ करून ते भिंतीला टेकून बसत आणि मी पेपर वाचून दाखवत असे. भाव, मोर्चा, पुढाऱ्यांची भाषणं सगळं ते डोळे मिटून ऐकायचे, आणि शेवटी विचारायचे, "कोण गेलं?" ते गेले तेव्हा स्थानिक पानावर चार ओळी आल्या. बाजार समितीतील ज्येष्ठ हमाल. मतदारयादी सोडली तर अण्णांचं पूर्ण नाव छापलेलं मी त्याआधी कुठं पाहिलं नव्हतं. ज्यांना ते वाचता आलं नसतं त्यांच्यासाठीच ते छापलं होतं, असं काहीतरी वेडं तेव्हा वाटलं होतं.

त्या उन्हाळ्यातली आमची चूक ऑफिसात पुढेही कितीतरी दिवस सांगितली जायची.

कामाच्या सुरुवातीला सी लमीननी काही नमुन्याच्या पानांवर पेन्सिलीनं एकेका चौकटीला गोल केलं होतं आणि बाजूला एकच शब्द लिहिला होता. ओ, यू, आर, एस. आम्ही तो अर्थातच इंग्रजीत वाचला. अवर्स. आपलं. चौकटीत बारीक टायपात नुसती नावं होती. आम्हांला वाटलं, ही त्यांची जिव्हाळ्याची माणसं असणार, जपून ठेवा म्हणताहेत. परबांनी संगणकात वेगळा कप्पा केला, त्याला देवनागरीत नाव दिलं 'आपली माणसं', आणि प्रत्येक वर्षातल्या अशा चौकटी आम्ही इमानानं त्यात टाकत गेलो.

एके दिवशी त्यांनी विचारलं, "मदाम, सगळे उर्स कुठं ठेवलेत?"

"उर्स?" मला एकदम परभणी दिसली. दर्ग्यापुढचे उंच पाळणे, रेवड्यांचे ढीग, अण्णांच्या खांद्यावरून दिसलेली दिव्यांची रांग. "उर्स आमच्याकडे भरतो," मी म्हणाले.

"काय भरतो?"

तेवढ्यात अर्बाब दारातून डोकावले. "उर्स? कोणाचा उर्स? मला बोलावणं नाही?" अरबीत उर्स म्हणजे लग्न.

सी लमीननी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी डोळे पुसत हसत सुटले. "लग्न नाही हो, जत्रा नाही. अस्वल! फ्रेंचमध्ये उर्स म्हणजे अस्वल."

मग कळलं. संपादकापासून छपाईवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं ज्या चौकटीत असतात तिला तिकडच्या धंद्यात अस्वल म्हणतात. जुन्या काळी छापखान्यात दांडा ओढणारा माणूस पुढे-मागे झुलायचा, अस्वलासारखा, म्हणून तो अस्वल. आणि टपाटप खिळे उचलणारे ती माकडं.

"म्हणजे इतके दिवस आपण अस्वलांका आपली माणसा म्हणत होतो?" परब म्हणाले.

मला हसू येईना. कान तापले होते. आता सगळ्यांना कळलं, की या बाईला फ्रेंच तर सोडाच, काय विचारायचं हेही कळत नाही. मी घाईनं त्या कप्प्याचं नाव बदलायला घेतलं, तर सी लमीननी विचारलं, "इथं काय लिहिलंय?" मी अर्थ सांगितला. त्यांनी पडद्यावरच्या त्या देवनागरी अक्षरांवरून बोट फिरवलं.

"राहू द्या," म्हणाले. "बदलू नका."

मग त्यांनी तो कप्पा उघडला आणि चौकटीमागून चौकट वाचू लागले. हा खेळाचं पान बघायचा. गेला, छापून आलं होतं. ही पेपरातली पहिली बाई; गेली, फोटोसह आलं. हा मुद्रितं तपासायचा. त्याची वार्ता मीच लावली, वरून तिसरी. असं करत करत ते स्वतः जिच्यात होते त्या चौकटीपाशी आले, आणि त्यांचा आवाज खाली गेला.

"या अस्वलातले सगळे गेले, मदाम. सगळ्यांचं आलं. माझं तेवढं राहिलंय."

"अहो, कायतरी अभद्र कसला बोलताय!" परब आधी मालवणीत ओरडले आणि मग तेच इंग्रजीत.

"अभद्र काय त्यात? आमच्या गावात पेपरात आल्याशिवाय माणूस गेला असं कोणी धरत नाही. लोक पेपर बघतात, मग घरी येतात. माझ्या बायकोच्या वेळी अंगणात उभं राहायला जागा नव्हती." मग पडद्याकडे बोट करून म्हणाले, "हा जर माझ्याआधी गेला, तर लोकांना कोण कळवणार? म्हणजे, माझं?"

त्या दिवसापासून दहाच्या चहाची चव गेली. माझी नोकरी होतीच काळजीला. पण आता त्या फिरत्या गोलात मला एक रिकामं अंगण दिसू लागलं.

आणि एका सकाळी अंक आला नाही.

त्या आठवड्यात घर्बी सुटला होता, पश्चिमेचा कोरडा वारा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते नाव 'घर'पासून आलं असेल असं वाटलं होतं. खिडकीच्या फटींतून बारीक रेती येऊन कीबोर्डवर बसत होती. दहा वाजले, अकरा वाजले. सी लमीननी जेवणाचा डबा उघडला नाही. मुलीला फोन केला, तिकडं फोन केले, कोणी उचलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांना "आला का" असं विचारायचंच बंद केलं. घरी पोळ्या लाटताना मला वाटायचं, आपण या पेपराचा एक शब्दही वाचू शकत नाही, तरी घास का उतरत नाही?

नवरा म्हणाला, "अगं, दुसरी नोकरी मिळेल."

"तसं नाही," मी म्हणाले. पण कसं आहे ते त्याला सांगता आलं नाही.

अर्बाब खाली आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना काम हातावेगळं करायचं होतं. "पेपर खलास, तर काम खलास. शेवटचं साल भरा आणि पाठवून द्या. यल्ला, चला." प्रत्येक नियतकालिकाच्या नोंदीत दोन रकाने असतात: कधी सुरू झालं, कधी बंद पडलं. दुसरा रिकामा ठेवला तर आमचं सॉफ्टवेअर नोंद स्वीकारायचं नाही. मी सी लमीनकडे पाहिलं. त्यांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली होती.

"बंद पडलेल्या पेपराचा इतिहास लिहायला मी आलो नव्हतो," ते खिडकीला म्हणाले.

तेव्हा मला औरंगाबादचा तो वर्ग आठवला. पंखा कुरकुरत होता आणि सर नियतकालिकांची नोंद शिकवत होते. जे नियतकालिक चालू आहे त्याच्या शेवटच्या सालाच्या जागी चार नऊ लिहायचे, हा नियम. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. मी तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता मी ते चार नऊ टाकले. सॉफ्टवेअरनं मुकाट्यानं घेतले.

"हे काय?" अर्बाब म्हणाले.

"नियम आहे, सर. बंद झाल्याचं त्यांनी कळवलेलं नाही. तोवर चालूच धरतात."

मालकासमोर 'नियम आहे' असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होते. अर्बाबनी खांदे उडवले. "इन्शाल्ला," म्हणाले, आणि वर गेले.

सी लमीननी खुर्ची वळवली, पडद्यावरचा आकडा वाचला. "मदाम," ते गंभीरपणे म्हणाले, "तोपर्यंत थांबणं मला जमेलसं वाटत नाही."

अंक आला तो त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, दुपारी, कोणी बघत नसताना. परब संगणक बंद करायला गेले आणि ओरडले, "अहो सी लमीन! इलो! अंक इलो!" आम्ही धावलो. निम्म्या पानांचा, फिक्या रंगांचा अंक. मधल्या दिवसांबद्दल एक अक्षर नाही. पहिल्या पानावर कसलीशी फीत कापणाऱ्या मंत्र्याचा फोटो, नेहमीसारखा. सी लमीन त्या फोटोकडे बघत राहिले, आणि मंत्र्याला पाहून एवढं कोणाचं तोंड फुललेलं मी अजून पाहिलेलं नाही. मग ते शेवटच्या पानावर गेले आणि राहिलेल्या दिवसांतल्या साऱ्या निधनवार्ता ओठ हलवत, एकही न गाळता वाचून काढल्या.

काम पूर्ण झालं. हिवाळा लागता लागता सी लमीन आपल्या गावी परत गेले. मुलगी विनवत होती, तरी. सुरुवातीला त्यांचे निरोप यायचे, शेवटी नेमानं 'आलाऽका' लिहिलेलं असायचं, रोमन अक्षरांत. मग ते येईनासे झाले. मुलीची बदली दुसऱ्या देशात झाली, नंबर बदलले. ऑफिसही पुढे उठलं. आता मी आर्याच्या शाळेच्या ग्रंथालयात आहे.

पण तो पेपर अजून निघतो. कधी उशिरा, कधी चारच पानांचा. तो राहणार की जाणार याची चर्चा अजून तशीच चालू असावी; मला तेवढं फ्रेंच येत नाही. मी रोज सकाळी तो उघडते. गोल फिरत राहिलं की जीव उडतो, गेला वाटतं पेपर. आणि अंक आला की दुसरी भीती सुरू होते.

आजही तसंच झालं, अंक दुपारपर्यंत आला नव्हता. आर्याचा निकाल दुपारी बारा वाजता लागला. चांगला लागला. ती किंचाळली, बाबांना फोन केला, मैत्रिणींना इंग्रजीत सांगत बाल्कनीत गेली, आणि तिथल्या उन्हाचा चटका बसून तशीच आत आली. मग माझ्या हातात मोबाईल दिसला तशी वाकून म्हणाली, "आई, माझा रिझल्ट तर आला ना. आता तू काय बघते?"

"एक नाव," मी म्हणाले.

"मिळालं?"

मी शेवटचं पान बोटांनी मोठं केलं. दोन मात्रांचा तो शब्द, त्याखाली आजची माणसं. वरून खाली एकेक नाव वाचलं, मग खालून वर. बाजूला हवामान, भरती-ओहोटी, आज रात्री कुठलं औषधांचं दुकान उघडं आहे ते.

"नाही," मी म्हणाले. "नाही मिळालं."

"मग तू हसते का?"